पाव आणि अर्धा मिळून किती?

श्रोतेहो, आणि विशेषतः खेड्यापाड्यांतून शाळा चालवणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनो, आज मी तुमच्यापुढे अपूर्णांकांच्या बेरजेविषयी बोलणार आहे. विषयाचे नाव ऐकताच काही मंडळी उठून गोठ्याकडे जायला निघतील, याची मला कल्पना आहे. जरा थांबा. ज्याच्या घरात पाचवी-सहावीतले पोर आहे, आणि ज्याच्या नावावर दोन गुंठे का होईना जमीन आहे, त्याच्या कामाची ही गोष्ट आहे.

पाचवीतल्या कोणत्याही मुलाला वाण्याच्या दुकानात पाठवा. पाव किलो साखर आणि अर्धा किलो साखर अशा दोन पुड्या आणायला सांगा. तो घरी आला की विचारा, “काय रे, एकंदर साखर किती झाली?” तो पायातल्या वहाणा काढता काढता सांगेल, “पाऊण किलो.” त्याला विचार करावा लागत नाही. आता त्याच मुलाच्या हाती पाटी द्या आणि तीच बेरीज आकड्यांत घाला: १/४ + १/२. पुष्कळ मुले काय लिहितात, हे शिक्षकांना मी सांगायला नको. वरच्या आकड्यांची बेरीज दोन, खालच्या आकड्यांची बेरीज सहा, उत्तर २/६. दोन षष्ठांश म्हणजे एक तृतीयांश. एक तृतीयांश किलो म्हणजे ३३३ ग्रॅमच्या आसपास. अर्धा किलोत पाव किलो घातले आणि साखर अर्ध्या किलोपेक्षाही कमी झाली! वाण्याने असे माप घातले असते, तर याच पोराने दुकानात कालवा केला असता. पाटीवर मात्र तो ते मुकाट्याने लिहितो, आणि मास्तरांकडे पाहतो.

मग पाटीवर फुली पडते. घरी बाप म्हणतो, “आमच्या घराण्यात गणित नाहीच.” आई म्हणते, “त्याचं डोकंच जड.” पण ज्या डोक्याने पाऊण किलो हे उत्तर क्षणात काढले, ते डोके जड कसे? अडचण डोक्यात नाही. दुकानातले पाव-अर्धा आणि पाटीवरचे १/४ - १/२ ही एकच वस्तू आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याला पाटीवर दोन अपूर्णांक दिसतच नाहीत. दिसतात चार आकडे. चार आकडे आणि मध्ये अधिकाचे चिन्ह दिसले की बेरीज करायची, एवढे तो पहिलीपासून शिकत आलेला असतो. तो बिचारा शिकवल्याप्रमाणेच वागतो.

ही काही आपल्याच मुलांची खोड नाही बरे का. अमेरिकेत १९७८ साली एक राष्ट्रीय चाचणी झाली. तीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते, १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अदमासे किती होईल? गणित करून दाखवायचे नव्हते, फक्त अंदाज सांगायचा होता. उत्तरेही छापून दिलेली होती: १, २, १९ किंवा २१. आता पाहा, तेरातले बारा म्हणजे जवळजवळ एक, आठातले सात म्हणजेही जवळजवळ एक; एक आणि एक दोन. पण शंभरात २४ मुलांनीच दोन म्हटले. २८ मुलांनी १९ म्हटले, कारण बारा आणि सात एकोणीस. २७ मुलांनी २१ म्हटले, कारण तेरा आणि आठ एकवीस. एवढ्या सुधारलेल्या देशात, चांगल्या इमारतींच्या शाळांत ही स्थिती. तेव्हा आपल्या गावच्या पोराला कोणी मठ्ठ म्हणू नये.

आणखी एक गंमत सांगतो. वरचे वर, खालचे खाली मिळवायचे, ही मुलाची रीत सर्वथा खोटी नाही. एका ठिकाणी ती अगदी बरोबर आहे. समजा, तो कबड्डीच्या सामन्यात आहे. पहिल्या दिवशी त्याने दोन चढाया केल्या आणि एकीत गडी बाद केला. दुसऱ्या दिवशी तीन चढाया केल्या आणि एकीत गडी बाद केला. दोन दिवसांत मिळून किती? पाच चढायांत दोन. इथे १/२ आणि १/३ मिळून २/५ होतात, आणि तो हिशेब खरा आहे. पण तिथे आपण ‘कितींपैकी किती’ हे विचारत असतो. दोन्ही दिवसांच्या चढाया वेगळ्या. भाकरीचा अर्धा आणि तितक्याच भाकरीचा तिसरा हिस्सा मिळून किती भाकरी, हा प्रश्न निराळा आहे. तिथे सगळे माप एकाच भाकरीशी लावायचे असते. शिक्षकांनी मुलाला नुसते ‘चूक’ म्हणण्याऐवजी एकदा हे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी मांडून पाहावेत. आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले, हे कळले की मुलाचा चेहरा उजळतो, कारण आपण अगदीच वेड्यासारखे काही केले नव्हते हेही त्याला त्यातून कळते.

आता मुद्द्याकडे वळू. अपूर्णांकात दोन आकडे असतात, वरचा अंश आणि खालचा छेद. पण या दोघांचे काम सारखे नाही. अंश म्हणजे संख्या. किती तुकडे आहेत ते तो सांगतो. छेद हे तुकड्याचे नाव आहे. तीन चतुर्थांश म्हणजे ‘चतुर्थांश’ नावाचे तीन तुकडे. जसे तीन बैल, तीन घागरी, तसे तीन चतुर्थांश. दोन बैल आणि तीन बैल मिळून पाच बैल होतात. कोणी ‘पाच बैलबैल’ म्हणत नाही. तसेच दोन सप्तमांश आणि तीन सप्तमांश मिळून पाच सप्तमांश. सप्तमांश हे नाव आहे, त्याची बेरीज कशाला करायची? माझे तर म्हणणे असे आहे की, आरंभी काही दिवस छेद आकड्यात लिहूच नये, शब्दात लिहावा. फळ्यावर ‘२ सप्तमांश + ३ सप्तमांश’ असे लिहिले की कोणतेही मूल चुकत नाही. आकडा खाली आला की चूक सुरू होते.

मग दोन बैल आणि तीन शेळ्या मिळून किती? पाच बैल नव्हेत, पाच शेळ्याही नव्हेत. पाच जनावरे! दोघांना लागू पडेल असे एक नाव शोधावे लागते. अर्धा आणि तिसरा हिस्सा यांची बेरीज अडते ती इथेच, कारण नावे निराळी. दोघांना चालेल असे तिसरे नाव काढायचे, याचेच नाव समच्छेद करणे.

आपल्या आज्या-पणज्या हे काम रोज करत होत्या. पूर्वी धान्य मापायला शेर, मापटे, चिपटे, कोळवे अशी मापे होती. शेरात दोन मापटी, मापट्यात दोन चिपटी, चिपट्यात दोन कोळवी. एक मापटे, एक चिपटे आणि एक कोळवे तांदूळ काढले, तर एकंदर किती? आजी ‘तीन’ म्हणत नसे. ती सगळे कोळव्यात आणी: मापट्याची चार कोळवी, चिपट्याची दोन, आणि हे एक, मिळून सात कोळवी. शेराची आठ कोळवी, म्हणून शेराला एक कोळवे कमी. पुस्तकात हेच १/२ + १/४ + १/८ = ७/८ असे लिहितात. १९५८ पासून मेट्रिक मापे येऊ लागली, आणि ती भांडी माळ्यावर गेली. ती परत आणा असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्या घरात अजून असतील, त्यांनी एक दिवस ती शाळेत पाठवावीत. धान्य आणि मापे हाती आल्यावर जे अर्ध्या तासात समजते, ते फळ्यावर आठवडाभर लिहून समजत नाही.

पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी हे पाढेही याच घराण्यातले. ज्यांनी ते पाठ केले त्यांचे तोंडी हिशेब आजही ऐकत राहावे असे असतात. आपली मराठी भाषाही या बाबतीत श्रीमंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे एकेका अपूर्णांकाला सुटे नाव तिच्यात आहे. पाऊण म्हणजे पाव उणा. वजाबाकी शब्दातच करून ठेवलेली. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ही सगळी मंडळी अर्ध्याची आणि पावाची. तिसरा हिस्सा, पाचवा हिस्सा, सातवा हिस्सा यांना घरगुती बोलण्यात असे सुटसुटीत नाव नाही. म्हणून पाव-अर्धा-पाऊण येथपर्यंत मूल घरच्या शिदोरीवर चालते, आणि १/३ समोर आला की शिदोरी संपते. जुन्या रुपयात निदान तिसरा हिस्सा पुरा निघत असे. रुपयाच्या १९२ पै, त्याचा तिसरा हिस्सा ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. हिशेबाची मोठी सोय झाली, पण शंभराला तीनने पुरा भाग जात नाही. प्रत्येक सोयीत काहीतरी निसटतेच.

तेव्हा तिसऱ्या हिश्श्यासाठी काय करावे? भाकरी घेऊ नका. भाकरीचे दोन आणि चार तुकडे हाताने नीट होतात, तीन सारखे तुकडे करताना सुगरणही चुकते. आणि तुकडे लहानमोठे झाले की गणिताचा पायाच गेला. त्याऐवजी कागद घ्या. जुनी वर्तमानपत्रे चालतील. सारख्या मापाचे दोन चौकोनी कागद करा.

पहिल्या कागदाची उभी घडी घालून दोन सारखे भाग करा. एका भागाला काव लावा, नाहीतर पेन्सिलीने रेघा मारा. हा झाला १/२. दुसऱ्या कागदाच्या, पत्र पाकिटात घालताना घालतो तशा, आडव्या घड्या घालून तीन सारखे भाग करा. एका भागाला रंग द्या. हा झाला १/३. दोन्ही कागद शेजारी ठेवून मुलांना विचारा, “रंगवलेले मिळून किती?” मुले गप्प होतील, कारण एक तुकडा उभा आणि रुंद, दुसरा आडवा आणि चिंचोळा. त्यांना थोडा वेळ गप्प राहू द्या. घाईने उत्तर सांगण्याची आपल्याला फार सवय आहे.

मग पहिल्या कागदाच्या, ज्याचे उभे दोन भाग आहेत त्याच्या, आडव्या तीन घड्या घाला. उघडून पाहा: सहा घरे. त्यांतली रंगवलेली तीन. आता दुसऱ्या कागदाची, ज्याचे आडवे तीन भाग आहेत त्याची, मध्ये उभी घडी घाला. उघडून पाहा: इथेही सहाच घरे, आणि रंगवलेली दोन. पहिल्या कागदाला रंग कमी-जास्त झाला का? नाही. दुसऱ्याला? नाही. फक्त घड्या वाढल्या, नावे बदलली. अर्ध्याचे नाव झाले तीन षष्ठांश. तिसऱ्या हिश्श्याचे नाव झाले दोन षष्ठांश. आता दोघांचे कुळ एक झाले. तीन षष्ठांश आणि दोन षष्ठांश, मिळून पाच षष्ठांश.

इथे एखादे चौकस पोर हात वर करील आणि म्हणेल, “गुरुजी, दोन्ही कागदांची मिळून बारा घरं आहेत. मग बारातली पाच का नाही?” हा प्रश्न आला नाही तर तुम्हीच काढा. कारण सगळी गोम याच प्रश्नात आहे. त्या मुलाला गप्प बसवू नका. त्याने वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न विचारला आहे. कात्री घ्या. दुसऱ्या कागदावरची रंगवलेली दोन घरे कापा आणि पहिल्या कागदावरच्या कोऱ्या तीन घरांवर ठेवा. पहिला कागद भरत आला. कोरे घर उरले एकच. आता विचारा, “एक कागद पुरा व्हायला किती कमी?” एक घर. “कागदाची घरं किती?” सहा. “मग रंग किती?” सहातली पाच. आपण ‘एक’ कशाला म्हणालो होतो? एका कागदाला. दोन कागदांना नव्हे. ‘एक’ कोणता, हे ठरल्यावाचून अपूर्णांकाला अर्थ नाही. माझ्या वाटणीचा अर्धा म्हटल्यावर तुम्ही विचारता ना, “कशाचा अर्धा?” तेच हे.

ज्यांच्याकडे कागदही नाही त्यांनी वर्षाचे महिने घ्यावेत. अर्धे वर्ष म्हणजे सहा महिने, वर्षाचा तिसरा हिस्सा म्हणजे चार महिने. मिळून दहा महिने. बारातले दहा, म्हणजेच सहातले पाच. किंवा घड्याळ घ्या: अर्धा तास ३० मिनिटे, तिसरा हिस्सा २० मिनिटे, मिळून ५० मिनिटे. साठातली पन्नास, पुन्हा सहातले पाच. तीन वाटांनी गेले तरी गाव एकच येते, हे मुलांना फार आवडते.

मी शिक्षकांना विनंती करीन की, चार-पाच दिवस हे चालू द्या आणि तोवर फळ्यावर नियम लिहू नका. नियम नंतर येऊ द्या, आणि शक्य तर मुलांच्याच तोंडून येऊ द्या. पहिल्या कागदाला तीन घड्या का घातल्या? कारण दुसऱ्याचे तीन भाग होते. दुसऱ्याला दोन का? कारण पहिल्याचे दोन होते. म्हणजे एकमेकांच्या छेदाने एकमेकांना गुणले. हाच तो नियम! भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त हेच सांगितले आहे: एकाच्या छेदाने दुसऱ्याचा अंश आणि छेद दोन्ही गुणावेत. त्यांनी मुलांसाठी दिलेले उदाहरणही सोपे आहे. तीन पूर्ण, एक पंचमांश आणि एक तृतीयांश मिळवा. छेद पंधरा, पंचेचाळीस, तीन आणि पाच मिळून त्रेपन्न, उत्तर ५३/१५. आपल्या खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, त्याची ती नोंद. गणित शिकवण्यासाठी दगडावर लेख कोरून दान देणारे लोक आपल्या मातीत होते.

आता लघुतम साधारण विभाज्याविषयी, म्हणजे ज्याला शाळेत ल.सा.वि. म्हणतात त्याविषयी. यापायी वर्गात मुले उगीच रडकुंडीला येतात. १/४ आणि १/१० मिळवायचे असले, तर चार आणि दहा दोघांना चालेल असा लहानांत लहान छेद वीस. पण एखाद्या मुलाने चार दाहे चाळीस केले, आणि १०/४० + ४/४० = १४/४० लिहिले, तर ते चूक नाही. पुढे दोनने भागले की ७/२० येतातच. लहान छेद ही सोय आहे, सक्ती नव्हे. छेद मोठे होऊ नयेत म्हणून ही लघुतमाची युक्ती आपल्याकडे महावीराचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, ‘गणितसारसंग्रहा’त दिली. भास्कराचार्यांनीही आधी सरळ गुणाकाराची रीत सांगून, मग हुशार माणसाने छेदांना संक्षेप देऊन गुणावे, असे सुचवले आहे. आधी सरळ रस्ता, मग आडवाट. आपण मात्र पुष्कळदा पोराला आधी आडवाटेने नेतो आणि तो चुकला की रागावतो.

आणि १/४ व १/१० ही बेरीज मी उगाच घेतली नाही. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या सनदा घेऊन आले. त्यांत चौथाई आणि सरदेशमुखी यांचे हक्क होते. चौथाई म्हणजे चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. मिळून किती? वीसांत पाच आणि वीसांत दोन, वीसांत सात. शंभरावर पस्तीस. इतिहासाच्या तासाला चौथाई आली की गणिताच्या तासाला ही बेरीज घ्या. दोन्ही लक्षात राहतील.

आता ज्यासाठी मी सुरुवातीला जमिनीचे नाव काढले ते सांगतो.

समजा, गावात एका शेतकऱ्याची स्वकष्टाने घेतलेली छत्तीस गुंठे जमीन आहे. तो मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिघांना सारखे हिस्से, प्रत्येकी १/३, म्हणजे बारा-बारा गुंठे. काही वर्षांनी आईही गेली, तिनेही मृत्युपत्र केलेले नाही. आईच्या १/३ चे दोन वाटे झाले, भावाला १/६ आणि बहिणीला १/६. आता बहिणीचा एकंदर हिस्सा किती?

वडिलांकडून १/३, आईकडून १/६. पाटीवर फुली पडलेल्या त्या मुलाच्या रीतीने पाहा: वर एक आणि एक दोन, खाली तीन आणि सहा नऊ. २/९. छत्तीस गुंठ्यांचे दोन नवमांश म्हणजे आठ गुंठे. आईच्या मागे हिस्सा वाढायचा, तो बारावरून आठावर आला! खरी बेरीज करा. १/३ म्हणजे २/६. त्यात १/६ मिळवले की ३/६, म्हणजे अर्धा. अठरा गुंठे.

कचेरीत कोणी असा आठ गुंठ्यांचा हिशेब मांडील, असे माझे म्हणणे नाही. पण याहून साधी गोष्ट घडते. आईच्या हिश्श्याचा उल्लेखच राहून जातो. बहीण सासरहून येते, तिला सांगतात, “तुझा तिसरा हिस्सा.” तिला आठवते, वडील गेले तेव्हा तिसरा हिस्साच म्हणाले होते. ती मान हलवते. बारा गुंठे आणि अठरा गुंठे यांतला फरक सहा गुंठ्यांचा आहे, आणि तो तिने चौथी-पाचवीत शिकायच्या एका बेरजेवर अवलंबून आहे. पुष्कळ ठिकाणी तिच्यापुढे हक्कसोडीचा कागदही ठेवतात. सोडायचे की ठेवायचे, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. भावाबहिणींच्या मायेत मी बाहेरचा माणूस पडणार नाही. पण कागदावर सही करणाऱ्याला आपण अठरा गुंठ्यांवर सही करतो आहोत की बारांवर, हे स्वतःच्या बोटांवर मोजता आले पाहिजे. वाचायला येते एवढ्याने भागत नाही. सातबारावर हिस्से आकड्यांत असतात, आणि सगळ्यांचे हिस्से मिळवून पुरा एक होतो की नाही, हे पाहायला वकील लागत नाही.

म्हणून मुलींच्या वर्गात, आणि प्रौढ शिक्षणाचे वर्ग जिथे चालतात तिथेही, ही उदाहरणे मुद्दाम घालावीत. आंबे आणि पेरू पुरे झाले.

हिस्से मिळवून एक होतो की नाही, यावरून सतरा उंटांची जुनी गोष्ट आठवली. ती अनेक देशांत सांगतात, तुम्हीही ऐकली असेल. एका म्हाताऱ्याने मरताना सांगून ठेवले: थोरल्याला उंटांचा अर्धा वाटा, मधल्याला तिसरा, धाकट्याला नववा. उंट निघाले सतरा. सतराचा अर्धा कसा करणार? भांडण लागले. एक शहाणा माणूस आपला उंट घेऊन आला, म्हणाला, “हा माझाही धरा.” झाले अठरा. अर्धे नऊ थोरल्याला, तिसरा हिस्सा सहा मधल्याला, नववा हिस्सा दोन धाकट्याला. नऊ, सहा आणि दोन मिळून सतरा. एक उंट उरला. शहाणा आपल्या उंटावर बसून घरी गेला.

गोष्ट ऐकून सगळे हसतात आणि चमत्कार म्हणून सोडून देतात. पण मुलांना बेरीज करायला लावा. १/२ + १/३ + १/९. छेद अठरा. नऊ, सहा आणि दोन मिळून सतरा अष्टादशांश. म्हणजे म्हाताऱ्याने पुरी मिळकत वाटलीच नव्हती. अठरावा हिस्सा कोणालाच दिला नव्हता. तो राहिलेला वाटा मुलांमध्ये पसरला, म्हणून प्रत्येकाला हक्कापेक्षा थोडे जास्तच मिळाले. थोरल्याला साडेआठच्या जागी नऊ. शहाण्याने जादू केली नाही. त्याला बेरीज येत होती.

जाता जाता मुलांसाठी दोन उदाहरणे देऊन ठेवतो. शिक्षकांनी ती फळ्यावर लिहून द्यावीत. बारा घरांची पट्टी किंवा बारा चिंचोके घेतले की दोन्ही सुटतात.

पहिले: छत्तीस गुंठे जमिनीचे चार वाटेकरी, एकाला १/२, एकाला १/४, एकाला १/६ आणि एकाला १/१२. हिस्से मिळवून पाहा, आणि प्रत्येकाचे गुंठे काढून तेही मिळवून पाहा.

दुसरे: तितक्याच जमिनीचे तीन वाटेकरी. कोणी एकाने कागदावर लिहून दिले आहे, पहिल्याला १/२, दुसऱ्याला १/३, तिसऱ्याला १/४. हे हिस्से मिळवा. १३/१२ येतील. गुंठ्यांत अठरा, बारा आणि नऊ, मिळून एकोणचाळीस. शेत तर छत्तीस गुंठ्यांचे. वरचे तीन गुंठे कोणाच्या बांधावरून आणायचे, ते मुलांनाच विचारा.